बागेश्रीची तिसरी तान

पंचवटी, नाशिक
१४ जून १९९७

चि. सौ. मनीषास,
अ. उ. आ.

केतकी काल वणीहून सुखरूप पोचली. सुट्टीभर तुझ्यासारख्या मावशीकडे राहून माझ्या लेकीचं वजन वाढलंय आणि अक्कल उतरलीय. आज बागेश्रीच्या ताना घोकायला बसवलं, तर मला म्हणते, आई, एक ओळ मी गाते, तिला तू उत्तर दे. माझीच ओळ परत म्हणालीस तर आऊट. मी विचारलं, मावशीचा हा गाण्याचा वर्ग आहे की विटीदांडूचा? तर म्हणे तिथे सगळे असंच शिकतात. भूपात वर्ज्य असलेला मध्यम चुकून लागला, की पोरं ‘पाहुणा आला’ म्हणून ओरडतात. धन्य आहे!

अगं, ज्यांना सा कुठे आहे ते ठाऊक नाही, ती कार्टी स्वतःच्या ताना रचणार? उथळ पाण्याला खळखळाट फार. माझ्या मुली वहीत दिलेल्या ताना पाठ करतात, म्हणून दरवर्षी पहिल्या वर्गात पास होतात. केतकीने यंदा विशारद व्हावं आणि पुढे हा क्लास चालवावा, एवढंच माझं मागणं आहे. माझ्या अन्नात माती कालवू नकोस.

लोभ आहेच, तो वाढवायची घाई नाही.

तुझी ताई,
छाया


वणी
२५ जून १९९७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ‘कार्टी’ हा शब्द वर्गात वाचून दाखवला, सगळ्यांना आवडला. आमच्या बारकूला अजून सा सापडत नाही, हे खरंच आहे. पण तुझ्या मुलींचंही काय सांगावं! एकाच तानेत, एकाच जागी सगळ्या श्वास घेतात. मध्ये एक स्वर विसरला, की पाढ्यासारखं पुन्हा पहिल्यापासून. त्याला तू गाणं म्हणतेस, मोठी आहेस म्हणून मी ऐकून घेते.

आता चेष्टा पुरे. केतकीने इथे पहिले काही दिवस गायला तोंडच उघडलं नाही. वहीशिवाय काय गायचं, असं मला विचारत होती. मग म्हणाली, एकदा विशारद झाले की तंबोरा गवसणीत घालणार आणि पुन्हा काढणार नाही. आईला सांगू नकोस, असंही म्हणाली. तरी सांगते, कारण तू क्लास कुणाच्या हाती द्यायचा ते ठरवून बसलीयस आणि ती गाणं सोडायचं ठरवून बसलीय.

पुढे एकदा जिया नावाच्या मुलीने टाकलेल्या ओळीला केतकीने उत्तर दिलं. किती मोकळं गायली! तू इथे नव्हतीस तेच बरं, मध्येच चूक काढली असतीस.

या पत्रातही काढशीलच. माया तेवढी कमी करू नकोस.

तुझी,
मनीषा


पंचवटी, नाशिक
७ डिसेंबर १९९७

चि. सौ. मनीषास,
अ. उ. आ.

अभिनंदन! तुझी भाची विशारदच्या तोंडी परीक्षेत आपटली.

परीक्षा आपल्याच क्लासमध्ये होती. मी परीक्षकांच्या चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी. त्यांनी बागेश्रीच्या ताना मागितल्या. हिने पाठातल्या दोन म्हटल्या आणि थांबली. मला वाटलं, विसरली. तर त्यांना विचारते, आता सुचताहेत त्या गाऊ का? आणि उत्तराची वाट न बघता सुरूच झाली. पहिली तान मध्येच मोडली. दुसरी समेवर आली नाही. तिसरी मात्र अशी आली, की चहा द्यायचा मी विसरलेच.

आणि तो शहाणा खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत होता! अभ्यासक्रमात आहे तेवढंच म्हणा, म्हणे. असल्या दगडांना मी आजवर चहा पाजत आले. बाहेर येऊन मला सांगतो, मुलीला शिस्त लावा. मी म्हटलं, चहा गार झालाय, आणि ट्रे परत आत नेला.

म्हणजे तुझं बरोबर होतं, असं मुळीच समजू नकोस. तुझी पद्धत पोरखेळच आहे. सम चुकणाऱ्याला मी गवई म्हणणार नाही. केतकीला बजावलं, पुन्हा परीक्षेला बसायचं. बसते म्हणाली, पण त्याआधी मी तिच्याशी खेळायचं.

आता रोज जेवणं आटोपली की ती तंबोरा लावते, एक ओळ गाते आणि माझ्याकडे बघते. मी उभा जन्म गाणं शिकवण्यात घालवला, मने, पण वहीतलं सोडून माझ्या गळ्यातून काही निघेना. काल शेवटी मी तिचीच ओळ परत म्हटली. ती हसली नाही. आऊटही म्हणाली नाही. नुसती तंबोरा छेडत राहिली. मला फार लाज वाटली.

म्हणून विचारते. समोरच्याला उत्तर सुचलं नाही, तर तुमच्याकडे किती वेळ थांबतात?

पोस्टकार्डावर कळवलंस तरी चालेल, पण लवकर कळव. माया असू दे.

तुझी,
छाया