राख दानम्माच्या दारावरून

रविवार, २ फेब्रुवारी २०२५
बाजारातून आणलं: शेंगदाणे दोन किलो, २८०. कापूर, ३०. रुचिकाचं नीतिशास्त्राचं पुस्तक, ४२५! पुतणीची स्पर्धा परीक्षा, खर्च आपला. एवढ्या पैशात एकटीनेच वाचायचं म्हणजे नासाडी. मीही वाचणार. रोज दहा पानं.

सोमवार, ३ फेब्रुवारी
पूजा करून वाचलं. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल, तेच बरोबर. मॅट्रिकच्या डोक्यालाही लगेच पटलं. पुढचं वाचायची गरज नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
वीजकेंद्राची राख वीटभट्टीकडे नेणारे टिपर आपल्या गल्लीतून जातात, त्यावरून मीटिंग. मागच्या रस्त्याने न्यावेत का? पुढे एकतीस घरं, मागे एकटी दानम्मा. मी उठून थिअरी सांगितली. टाळ्या! अध्यक्ष उत्तरेश्वर म्हणाले, वैनी, तुमी वकील व्हायला पायजे होतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
दानम्माला समजवायला गेले. जुनी मैत्रीण, ऐकेल. म्हटलं, वैजनाथाच्या गावात राख म्हणजे भस्मच. तुझ्यावर जास्त कृपा. ती म्हणाली, मंग दोन टोपले पाठवते तुज्या देवघरात, लाव कपाळाला. अन् कावून गं, मला इचारलं का कुणी? मग नुसती खोकत राहिली. राग आहे. निवळेल.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
गल्लीत धूळ नाही. पापड गच्चीवर घातले. थिअरी लागू पडली. फक्त मागच्या भिंतीतून खोकला येतो, नेमका आरतीला. घंटा जोरात वाजवायचं ठरवलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी
डॉक्टरांनी सांगितलं, या धुळीत राहू नका. दानम्मा भावाकडे उदगीरला गेली. कुलूप. हवापालट केव्हाही चांगला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
कुलपाआडून खोकला. पारवे असतील. ह्यांना विचारलं. म्हणाले, मला काही ऐकू येत नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
भस्मात बोट बुडवलं आणि मागच्या भिंतीतून खोकला आला. बोट कपाळापर्यंत गेलंच नाही. रुचिका म्हणाली, काकू, पुढचं पान वाचा की. थिअरीवर टीका आहे: ज्या एकाच्या जिवावर बाकीच्यांचं भलं, त्याचं काय? म्हटलं, आधी सांगायचं नाही? म्हणाली, तुम्ही टाळ्या घेत होतात.
निश्चय: निर्णय फिरवायचा. मी बोलले की लोक ऐकतात.

रविवार, २ मार्च
मीटिंगमध्ये सगळं बोलले. तिचं घर, तिचा खोकला, तिला न विचारणं. उत्तरेश्वर हसले. म्हणाले, वैनी, तुमच्याच हिशेबानं बघा. तवा एकीला तरी तरास होता. आता मागं कुणीच न्हाई. आता तर लई बरोबर झालं! पुन्हा टाळ्या. माझ्यासाठीच.
सवयीने हात जोडले.

सोमवार, ३ मार्च
दानम्मा फोन उचलत नाही. पोस्टकार्ड टाकलं. नक्कल:
दानम्मास नमस्कार. गल्लीत बोलले, कोणी ऐकलं नाही. चूक पुस्तकाची, टीका पहिल्याच पानावर छापायला हवी होती. तुझ्या दारात रोज सडा घालते. टिपर गेला की अंगण पुन्हा पांढरं. तिकडे खोकला थांबला का? इकडे थांबला नाही. उलट टपाली कळव.