माटांगीच्या मक्यातला आपला नातेवाईक

तीर्थरूप मुचानेताताईंना धाकट्या जोकोनियाचा गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार.

आपल्या रीतीप्रमाणे तुम्ही बऱ्या असाल तर मीही बरा आहे. म्हणजे तुमच्या डोळ्यांची पट्टी सुटल्याचं कळेपर्यंत माझी प्रकृती नेमकी कशी आहे हे मला सांगता यायचं नाही. (तुमची भावजय एनिया म्हणते, ताटातला मक्याचा सादझा ज्या वेगाने उडतो त्यावरून सांगता येतं.) भाचा हे पत्र वाचून दाखवत असेल, त्याला सांगा, कंसातलं हळू वाच. तुम्ही आहात त्या चिन्होयी शहरात म्हणे शेजारी सकाळी एकमेकांना ‘झोप लागली का’ हेसुद्धा विचारत नाहीत. मग ते दिवसाची सुरुवात तरी कशी करतात, याचं मला फार कुतूहल आहे.

इकडे यंदा गावाने एक शहाणपणाचं काम केलं आणि ते चांगलंच अंगाशी आलं. तुम्हाला ठाऊकच आहे, दर वर्षी हत्ती अडवायला जो तो आपल्यापुरती मिरचीची दोरी बांधायचा. ज्याच्या घरी मिरची त्याचा मका वाचायचा, शेजाऱ्याचा जायचा. यंदा हत्तींपासून पिकं राखायला शिकवणाऱ्या संस्थेची सेकाई (ती सायकलवरून येणारी, उंच पोरगी) म्हणाली, हत्ती बांध बघत नाही, तर तुम्ही तरी कशाला बघता? पटलं. अख्ख्या शिवाराभोवती मिळून एकच दोरी घालायची ठरलं. कुणी खांब तोडले, कुणी मिरच्या कुटल्या (तेव्हा सारं गाव असं शिंकत होतं की एका मयताला लोक आधी शिंकले आणि मग रडले), गाडीच्या जळक्या तेलात ती पूड कालवून त्यात फडकी बुडवली आणि दोरीवर टांगली. फडकी ज्याच्या त्याच्या घरची. माझी लग्नातली विजार माटांगीच्या कोपऱ्यावर लटकते आहे. येणारा-जाणारा थांबून तिची विचारपूस करतो, माझी कुणी करत नाही.

दोरी पुरी झाली, आणि तो तुटक्या कानाचा एकांडा हत्ती थेट माटांगीच्या मक्यात. तेही एकदा नाही, वारंवार. बाकी कुणाच्या कणसाला त्याने सोंड लावली नाही.

आता माटांगी पडला आपल्या घराण्याचा थट्टेचा सोयरा. आपल्या बाबांच्या मयतात त्यांचीच टोपी घालून त्यांचं खोकणं हुबेहूब काढणारा. त्याच्यावर रागवायचं नाही ही वाडवडिलांची रीत, आणि ती त्याला आपल्याहून जास्त पाठ आहे. त्याने गावप्रमुखांपुढे चक्क हत्तीवर फिर्याद घातली. प्रमुख म्हणाले, आरोपी कुठाय?

“आरोपी नसेना,” माटांगी म्हणाला आणि कुळाच्या नावाने त्याने मलाच पुकारलं, “त्याचं घराणं बसलंय की. समान्यांगा, ऊठ. देवक हत्तीचं ना तुमचं? हत्तीचं मांस शिवत नाही म्हणून मिरवतोस ना? मग तुझ्या भावाने माझा मका खाल्ला, त्याचं बोल.”

मी म्हणालो, “भाऊ कसला, फार लांबचा आहे.”

“नाकाकडे बघता सख्खाच वाटतो.”

सारी बैठक हसली. हसून झाल्यावर मात्र तो खाली बसला आणि काडीने टाचेची माती खरवडत राहिला. अर्धं शेत आडवं झालंय त्याचं, ताई. मग काही जण म्हणाले, बंदूकवाल्याला बोलवा, मका वाचेल आणि घरोघर मांसही शिजेल. प्रमुखांनी निवाडा दिला: हत्तीचा जामीन त्याच्या घराण्याने राहावं, पुन्हा तो मक्यात दिसला तर बंदूकवाल्याला सांगावा जाईल. अशा रीतीने, ज्याच्याशी माझी साधी ओळखसुद्धा कुणी करून दिलेली नाही, त्याच्या वागणुकीची हमी माझ्या मानेवर बसली.

पण मला खाऊ लागला तो वेगळाच किडा. माटांगीच का? मका सगळ्यांचा सारखा, मिरची तीच, तेलही तेच. माझी विजार बघून येत असेल, असं माटांगीचं म्हणणं. त्याच्या बायकोचं गाणं ऐकून येत असेल, असं माझं. शेवटी मी आणि सेकाई भर दुपारी माग काढत निघालो. ताई, त्या गड्याने दोरीला अंगसुद्धा लावलं नव्हतं. एक वाळका ओंडका उचलून दोरीवर टाकला, ती खाली दबली, आणि आपण चिखलावर फळी टाकून जावं तसा पलीकडे गेला. आत माग सरळ, बाहेर माग सरळ, नदीपर्यंत. खाल्लेला मका थोडा, तुडवलेलाच जास्त. मी टेकाडाएवढ्या वारुळावर चढलो (सेकाईने ढकललं), आणि वरून दिसलं: पूर्वी माटांगीच्या शेताशेजारी जी मोकळी वाट राहायची, ती आम्ही एकजुटीच्या भरात दोरीने बंद करून बसलो होतो. बिचारा पाण्याला जात होता.

हे बैठकीत सांगितल्यावर माटांगी उठून उभा राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आम्ही सगळे एक झालो आणि याचा रस्ता गेला. याने फिर्याद घालायला हवी होती.” वाट जरा रुंद करून मोकळी ठेवायची, दोन्ही बाजूंनी दोरी ओढायची, हे सर्वांना पटलं. आता थोडंसं काम उरलं आहे. भाच्याला आशीर्वाद. डोळे चोळू नका.

आपला आज्ञाधारक,
जोकोनिया

ता. क. उरलेलं थोडंसं काम असं. माटांगीने कडेच्या मक्याच्या ओळी शिव्या देत का होईना, दिल्या. पण त्याच्या अंगाला खोल घळ आहे, वाट तेवढ्यात बसत नाही. दुसऱ्या अंगाला तुमचा भुईमूग आहे. पुरुषांचा मका प्रमुख हलवू शकतात. बाईच्या भुईमुगाला तिच्या शब्दाशिवाय ते स्वतःही हात लावू शकत नाहीत. रविवारी बैठक आहे. तोवर तुमचा होकार आला नाही तर दोरी आहे तिथेच राहील, तो पाण्याला निघेल, आणि बंदूकवाल्याला सांगावा जाईल. मग गावभर चुली पेटतील आणि त्या दिवशी आपलं घर उपाशी बसेल.

आणखी ता. क. जेवढा भुईमूग जाईल तेवढा एनिया तिच्या तुकड्यातून भरून देणार आहे. हे तिने आपणहून म्हटलंय, मी नुसता जवळ उभा होतो. माटांगीचा निरोप: “ताई हो म्हणाली तर तिच्या मयतात तिची नक्कल करताना भांडणाचा भाग मी गाळीन.” अशी सवलत त्याने आजवर कुणाला दिलेली नाही.

शेवटचा ता. क. (हे भाच्याने अगदी हळू वाचावं.) अंदाज खरा की खोटा, हे बघितल्याशिवाय मला राहवेना, म्हणून काल दोरी तुमच्या बाजूला जराशी सैल केली. तो आला आणि गेला. मक्याकडे वळूनही बघितलं नाही. तुमच्या दोन-चार ओळी चेपल्या, बाकी पावलं मात्र वाफ्यांच्या मधून टाकली, घरच्या माणसाने टाकावीत तशी. ठसे एनियाने झाडून काढलेत. तेव्हा होकार द्याल तो कृपा करून कालच्याही आधीच्या, परवाच्या तारखेचा द्यावा.