रक्तवाहिन्यांवर माझं बारीक लक्ष आहे

२ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. मोठ्या शोधाआधी शास्त्रज्ञाच्या डोक्यात काय चाललं होतं, हे पुढे त्यालाच आठवत नाही.

नवीन चिप्स तयार. पोस्टाच्या तिकिटाएवढं पारदर्शक प्लास्टिक, मधे जेल, दोन्ही बाजूंना केसासारखे बारीक बोगदे. बोगद्यांत रक्तवाहिन्यांच्या पेशी सोडल्या. त्यांनी जेलमध्ये फांद्या फोडायच्या, की झाली रक्तवाहिनी. एवढंच काम. बाकी सगळं मी करतो.

आधीच्या सगळ्या बॅचेस मेल्या. पेशींचा दर्जा.

संध्याकाळ
इन्क्युबेटर, म्हणजे पेशींचं कायम उबदार ठेवलेलं कपाट, उघडून पाहिला. फांद्या नाहीत. आजच तर सोडल्यात, असं मौनी म्हणाली. मौनी म्हणजे शेजारच्या टेबलावरची पीएचडीची मुलगी. दिवसाकाठी दोन वाक्यं बोलते, त्यातलं एक मला टोचून.

५ मार्च
बाईंनी, म्हणजे आमच्या बॉसनी, केबिनमध्ये बोलावलं. माझं कॉन्ट्रॅक्ट मे अखेर संपतंय. वाढवायचं तर एका तरी चिपमध्ये एक तरी धड रक्तवाहिनी दाखवा, म्हणाल्या. मी म्हटलं, अख्खं जाळं दाखवतो. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. भारावल्या असाव्यात.

संकल्प: डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे.

६ मार्च
सकाळी इन्क्युबेटर उघडून पाहिलं. चहाआधी पाहिलं. चहानंतर पाहिलं. जेवून आलो, पाहिलं. एक चिप मायक्रोस्कोपखाली नेताना आत हवेचा बुडबुडा शिरला आणि पेशी वाहून गेल्या. प्लास्टिकचा दर्जा.

मौनीला म्हटलं, तू तुझ्या चिप्सकडे ढुंकून बघत नाहीस. सोमवारी बघेन, म्हणाली. या पिढीला ओढच नाही कशाची.

९ मार्च
बॅच मेली. तसं म्हणणं घाईचं होईल. पेशी गोल झाल्यात आणि तरंगतायत.

पुन्हा नवीन बॅच लावली. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती दातांची डॉक्टर. दात काढल्यावर पेशंट दिवसभर त्या खड्ड्यात जीभ घालत बसले तर जखम कशी भरेल, असं काहीतरी म्हणाली. तिचं क्षेत्र वेगळं.

१२ मार्च
सासऱ्यांच्या छातीत दुखलं. बायपास करावी लागणार. गाव लांब, लगेच निघायला हवं. मी हिला समजावलं, की चिप्स नाजूक टप्प्यावर आहेत, मी चार दिवसांनी येतो. ती बॅगेत भरलेले माझे शर्ट एकेक करून बाहेर काढून पलंगावर ठेवायला लागली. नीट घडी करून.

ते पाहवेना. शर्ट पुन्हा मीच भरले. चिप्स मौनीच्या हवाली. शंभर सूचना दिल्या. तिने मान हलवली. बहुधा हो.

१४ मार्च, हॉस्पिटल
ऑपरेशन काल झालं. नीट झालं. पायातली शीर काढून हृदयावर बसवली. सर्जनला मी रक्तवाहिन्यांच्या वाढीबद्दल थोडं मार्गदर्शन केलं. तुम्ही आजवर किती वाढवल्यात, असं त्यांनी विचारलं. मी विषय बदलला.

सासरे शुद्धीवर आहेत. दुखतंय का, पाणी हवंय का, उशी उंच करू का, मी सारखं विचारतोय. मॉनिटरवरही नजर. दुपारी ते हळूच म्हणाले, "जावईबापू, तुम्ही जरा बाहेर फिरून या." एवढ्या आजारपणातही माझ्या तब्येतीची काळजी. नर्सनेही तेच सुचवलं, जरा कडक आवाजात.

संध्याकाळी ही बाहेरच्या बाकावर रडत होती. मी तिला बायपासच्या यशाची टक्केवारी सांगू लागलो.

"काही सांगू नकोस. नुसता बस."

बसलो. तिने माझा हात धरला. बराच वेळ काहीच केलं नाही. फार अवघड प्रकार आहे.

१९ मार्च
एकटाच परत आलो, ही वडिलांपाशी थांबली. चिप्स भरून गेल्यात! फांद्या, त्यांना फांद्या, मधे पोकळ, अख्खं जाळं. मौनीने एका टोकाला बारीक चमकते मणी सोडले. ते वाहत वाहत दुसऱ्या टोकाला निघाले. मला भरून आलं. बाईंना हात धरून आणायचंच काय ते बाकी ठेवलं. माझं जेल, माझं डिझाइन, असं सांगितलं.

त्यांनी मौनीला विचारलं, तू काय केलंस?

"दार लावून ठेवलं. एक दिवसाआड पेशींचं पोषकद्रव बदललं. बास."

बाईंनी इन्क्युबेटरच्या तापमानाचा आलेख उघडला. मी होतो तेव्हा करवतीचे दात. मी गेल्यापासून सरळ रेघ. मी म्हटलं, मशीन आधी बिघडलं असणार, मग आपोआप सुधारलं.  बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

२३ मार्च
कॉन्ट्रॅक्ट वाढलं! तुमचं लिखाण चांगलं आहे, असं बाई म्हणाल्या. वरच्या मजल्यावर टेबल दिलंय. मी पेपर लिहायचा, चिप्स मौनी बघेल. पेपरवर पहिलं नाव तिचं. तिला उत्तेजन मिळायला हवंच. विचार करणारी माणसं वरच बसवतात.

हिला फोन केला. सासरे आता जिना चढतात. हिला माझी बातमी सांगितली. ती म्हणाली, बरं झालं. आवाज मऊ होता.

२५ मार्च
सहज खाली गेलो. माझ्या कार्डाने लॅबचं दार उघडेना. सिक्युरिटीवाल्याने कार्ड तपासलं. कार्डात काही दोष नाही म्हणाला.

काचेतून मौनी दिसली. इन्क्युबेटर बंद. ती पाठ करून काहीतरी वाचत होती. काचेवर टकटक केली. तिने वळून हात हलवला. आत या म्हणून नव्हे.

थोडा वेळ उभा राहिलो. मग वर आलो. पेपरमधलं कृतीचं पहिलं वाक्य लिहिलं: चिप्स बंद इन्क्युबेटरमध्ये ठेवून दिल्या.

खोडलं. दुसरं काही सुचेना. पुन्हा तेच लिहिलं.