शिवणीतली माया

तीर्थरूप आईस,

वाकून नमस्कार. कंबर जरा कुरकुरते, पण नमस्कार पुरता केलाय.

मी मजेत आहे. संग्रहालयात सध्या देवमाशाची हाडं दात घासायच्या ब्रशने साफ करतोय. त्याच्या कमरेपाशी वीतभर लांबीची दोन हाडं आहेत. त्याचे पूर्वज जमिनीवर चालायचे, त्या पायांची ती खूण. फोनवर हे सांगितलं तर तू म्हणालीस, "सगळे जीव आपले आपणच बदलत गेले, तर देवाने काय केलं रे?" मी बाबांच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवला.

आज ती हाडं पुसताना माझी शाळेची चड्डी आठवली. तू शिवतानाच आत दोन बोटं माया सोडायचीस. मी वाढलो की उसवून सैल करायचीस, आणि जुन्या शिवणीची रेघ तेवढी उरायची. सगळा वर्ग हसायचा! ही हाडं मला तशीच रेघ वाटली. बेतणाऱ्याने माया सोडली असेल, आई.

पण सैल सोडलं की चुकतंही. माझ्या पाठची आपली छकुली काळजाला भोक घेऊनच आली. ते तुझ्या कुठल्याही पापाचं फळ नव्हतं, हे मात्र ठासून सांगतो. देवाला जाब विचारायचा असेल, तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन.

बाबा गुडघे शेकतात ना?

छकुलीच्या फ्रॉकला तू चार बोटं माया सोडली होतीस. ती कधी उसवावी लागली नाही. तो फ्रॉक जपून ठेव.

दुकानात अजूनही सदरा उलटा करून माया बघणारा,
तुझा थोरला