बाराशे पौंडांची गाय

प्रिय मेरिल,

जूनमधल्या एका सकाळी मी आपल्या दोघांमधल्या कुंपणाशी गुडघे टेकून बसलो होतो. लांबून बघितलं असशील तर वाटलं असेल, गेलन प्रार्थना करतोय. मी काटेरी तारेत अडकलेले तांबडे केस वेचत होतो. माझ्या गाई काळ्या, तुझ्या तांबड्या. तीन ठिकाणी सापडले. पाकिटात घालून वर तारीख लिहिली.

दोन वर्षं माझं गवत ऑगस्टच्या आधीच संपत होतं. पाऊस दोघांना सारखाच, टेकड्या त्याच, गाई वडिलांच्या वेळेइतक्याच, एकशेवीस. तुझ्याकडे मात्र सप्टेंबरातही गवत उभं. मग माझं कुणी खाल्लं? तू हात हलवलास की मनात यायचं, हा एवढा गोड का वागतोय? तुझी गाडी कुंपणाशी थांबली की मी दुर्बीण काढायचो. चर्चमध्ये तुझ्या शेजारचं बाक सोडून दोन बाकं मागे बसू लागलो आणि उपासनाभर तुझ्या मानेकडे बघत राहिलो. मे महिन्यात वासरांना मालकीच्या खुणेचा डाग द्यायला सगळ्या शेजाऱ्यांना बोलावलं, फक्त तुला नाही. माझी जनेल म्हणाली, "मेरिलशिवाय? वासरांवर दोर टाकणार कोण, तू? गेल्या खेपेला स्वतःच्याच घोड्याला अडकवला होतास!"

यानंतरचं तुला माहीत नाही. जुलैत उपासना संपल्यावर मी ऑस्ट्रँडरबाईंना सहज बोलल्यासारखं म्हणालो, "मेरिलच्या तारा ढिल्याच असतात. त्याच्या गाई कुठं चरतात, देव जाणे." एवढंच. त्यांचं मधलं कुरण आपण दोघं अर्धं अर्धं चारत होतो, ते त्यांनी सगळं मला दिलं. तू विचारायला आलास, "गेलन, बाई माझ्यावर का रुसल्या, काही कळलं का रे?" आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, "म्हाताऱ्या माणसांचं काय सांगावं."

सप्टेंबरात मी चाकांवरचा वजनकाटा मागून आणला. माझ्या गाई तुझ्यापायी खंगल्यात, हे मला कागदावर हवं होतं. आमची गाय बाराशे पौंडांची, असं वडील सांगायचे, मीही लिलावात तेच सांगत आलो. आपल्याकडे कोण गाय तोलून बघतो? पहिली चढली, चौदाशे ऐंशी. मला वाटलं, काटा बिघडला. मी स्वतः उभा राहिलो. काटा बरोबर होता. दुसरी पंधराशे दहा. तेराशेच्या आत एकही नाही. आकडे लिहिता लिहिता जनेल म्हणाली, "गेलन, चोर सापडले बघ. एकेक करून आत येतायत."

दरवर्षी मी आणखी मोठा वळू आणला, सगळ्यांत उंच कालवडी ठेवल्या. एकशेवीस गाई एकशेचाळीस गाईंचं गवत खात होत्या. आणि माझी वासरं तुझ्या वासरांहून फार जड नव्हतीच. तू किती वेळा म्हणालास, "अरे, एकदा काट्यावर तरी घाल. तुझ्या वासरांना दूध प्यायला शिडी लागते!" मी म्हणायचो, "तू तुझ्या शेळ्यांएवढ्या गाई सांभाळ." तारेतले केसही आता उमगले. तुझ्या गाई तिथं मान खाजवत होत्या, पलीकडे आल्याच नव्हत्या.

काटा परत केला, तरी तीन आठवडे मी कुणाला बोललो नाही. प्रार्थनेला बसलो की तुझा तो प्रश्न ऐकू यायचा.

तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून हे लिहितोय. रविवारी मी ऑस्ट्रँडरबाईंना सगळं सांगितलं, तू ज्या बाकावर बसतोस तिथंच, तू बाहेर गेल्यावर. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "हे त्याला तू सांगणार की मी?" मी म्हणालो, मी. चौदाशेच्या वरच्या बावन्न गाई मंगळवारी विकायला ट्रकमध्ये चढवल्या, वडिलांच्या लाडक्या गाईची नातसुद्धा. यापुढे लहान चणीच्याच ठेवीन. उरलेल्यांना माझं स्वतःचं कुरण पुरतं. आज सकाळी बाईंच्या कुरणातून माझी शेवटची गाय बाहेर काढली आणि तुझ्या बाजूचं फाटक उघडून ठेवलं.

कुंपणापलीकडचा, तुझाच
गेलन