धुक्याच्या राजाचे सुळे

१ मार्च, गुरुवार
आजपासून रोजनिशी. कारण हा महिना ऐतिहासिक आहे. आमच्या दातांच्या लॅबचे हेड टेक्निशियन एकतीस तारखेला रिटायर होतायत. सतरा वर्षं मी तिथे नंबर दोन. लॅब आणि क्लिनिक दोन्ही चालवणारे डॉक्टर म्हणाले, त्या जागी तुम्ही की सिरॅमिकवाली, ते महिनाअखेरीस ठरवू. ठरवायचंय काय त्यात? सिरॅमिकवाली दातांच्या सिरॅमिक कॅप बऱ्या करते, वाद नाही. पण वय चौतीस, आणि मला काका म्हणते. काकाच्या डोक्यावर कोणी पुतणी बसवतं का?
संकल्प: महिनाभर फक्त काम. वेळेवर जाणं. गोड बंद.

२ मार्च
डॉक्टरांनी खास केस दिली. रिटायर्ड हेडमास्तर, वय एकोणऐंशी, वरची-खालची पूर्ण कवळी. चोवीस तारखेला त्यांच्या शाळेचा समारंभ, त्यात त्यांचं भाषण. डॉक्टर म्हणाले, ही कवळी फर्स्ट क्लास झाली तर... आणि थांबले. पुढचं मी मनात पुरं केलं.
गोड उद्यापासून बंद.

४ मार्च, रविवार
होस्टेलवरून मुलीचा फोन. तिची एक कादंबरी घरी राहिलीय, मैत्रिणीची आहे, लगेच कुरिअर करा. सापडली. विटेएवढी जाड. कव्हरवर मुकुट घातलेला आणि शर्टाची बटणं न लावलेला माणूस. परीलोकातली प्रेमकथा म्हणे! हसूच आलं. तरी पोरगी काय वाचते ते बघणं हे बापाचं कर्तव्य आहे. दोन पानं बघतो. उद्या कुरिअर.
संध्याकाळी ७.१५. पान ६४. नुसतं चाळतोय.

५ मार्च
कुरिअरचं दुकान बंद असावं. गेलो नाही, पण असावं.
गोष्टीत काही दम नाही. नाव वल्हवून पोट भरणारी एक मुलगी. धुक्यात वाट चुकते आणि पलीकडच्या काठावर परीलोक लागतो. तिथला धुक्याचा राजा. चंदेरी केस. हसतो तो एकाच बाजूनं, आणि हसला की सुळे किंचित, अगदी किंचित लांब दिसतात. लेखिकेला दातांची जाण आहे. आता आपल्या धंद्याचाच विषय निघाला म्हटल्यावर पुढे वाचणं भाग आहे.

७ मार्च
इंग्रजी माझं कच्चं. पण आश्चर्य म्हणजे अडत नाही. जिथे अडतं तिथे राजा काहीतरी करतो आणि आपोआप कळतं.
पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. वर लिहिलं: डेंटल मटेरियल्स, भाग २. जेवणाच्या सुट्टीत हेडनी पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, या वयातही अभ्यास सोडला नाही, शिका काहीतरी. मी मान खाली घातली. हेडची पोस्ट जवळजवळ खिशात.

९ मार्च
राजा तिला सांगतो की हजार पावलांत तुझं पाऊल मी ओळखतो. वाचून अंगावर काटा आला. वीस वर्षांच्या संसारात आपण हिला असं एकदा तरी काही म्हटलंय का? ठरवलं, आज म्हणायचंच.
संध्याकाळी ही भाजीची पिशवी घेऊन आली. मी पाठमोरा उभा राहून, न वळता, खोल आवाजात म्हणालो की मी पावलावरूनच ओळखलं, तू आहेस. ती म्हणाली, घरात दोनच माणसं राहतात, तुम्ही इथे आहात म्हटल्यावर दुसरं कोण असणार? आणि लसूण सोलायला बसवलं.
हिच्यात धुकं कमी आहे. हळूहळू येईल.

११ मार्च, रविवार
परीलोकात खोटं बोलता येत नाही. जीभच वळत नाही. किती सुंदर! संकल्प: आजपासून फक्त खरं.
सकाळी ९.४०. मुलीचा फोन. कुरिअर केलं का? म्हटलं, केलं, वाटेत असेल.
खरं बोलणं उद्यापासून. रविवारी असल्या गोष्टी सुरू करू नयेत.

१४ मार्च
हेडमास्तरांचे दात मेणावर बसवले. समोरच्या सहा दातांचा सेट एका मापाचा येतो आणि तो तसाच वापरायचा, हे लॅबमध्ये शिकाऊ माणसालाही माहीत असतं. मीही तसाच वापरला. मग लांबून बघितलं. व्यवस्थित होतं. इतकं व्यवस्थित की जीव गुदमरला. हा माणूस भाषण करणार, आणि असल्या तोंडानं?
दोन सुळे काढले. मोठ्या मापाच्या सेटमधले दोन घेतले. दीड मिलिमीटरचा तर फरक. लावले आणि अहाहा! मेणातून कोणीतरी एकाच बाजूनं हसलं. सतरा वर्षांत असलं काम हातून झालं नव्हतं.
सिरॅमिकवाली माझ्या टेबलाशी बराच वेळ उभी राहिली. काका, हे असंच ठेवणार? म्हणाली. मत्सर. पण सभ्यपणे विचारते, ते मान्य करायला हवं.

१६ मार्च
मेणाची ट्रायल. डॉक्टर कॉन्फरन्सला निघण्याच्या घाईत, एक पाय दारात. म्हणाले, पेशंटला पसंत आहे ना? मग शिजवा. हेडमास्तरांनी आरशात पाहिलं. चष्मा घरी राहिला होता. म्हणाले, तरुण वाटतंय. मी म्हटलं, सर, तुम्हाला वय चिकटतच नाही. ते लाजले.

१७ मार्च, दुपारी १.१०
कवळी गरम पाण्यात, मेणाच्या जागी भरलेलं ॲक्रिलिक शिजतंय. मला दोन तास मोकळे. पान ४०२.
दुपारी १.३०. पान ४०२. पुन्हा वाचलं.
दुपारी १.५०. तेच पान. नाव मधोमध, वल्हं पाण्यात पडलेलं, कोणी काढायला जात नाही. राजा म्हणतो की मी शतकानुशतकं कोणाची वाट बघत होतो ते आज कळलं. आणि मग! मी स्टुलावरून उठलो आणि उगाच सगळ्यांना चहा सांगितला. हेड म्हणाले, काय विशेष? म्हटलं, मटेरियल फार छान सेट होतंय.
मी प्रेमात वगैरे पडलेलो नाही. हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. लेखनाच्या दर्जाबद्दल आदर आहे, एवढंच.

२० मार्च
संपली. शेवटच्या पानावर नाव धुक्यात शिरते आणि खाली लिहिलंय, पहिला भाग समाप्त. ही कुठली माणुसकी? दुसरा भाग मागवला. मुलीसाठी. तिला एकदम दोन पुस्तकं मिळाली की आनंद होईल.
पहिला आता कुरिअर करायला हरकत नाही. एकदा पुन्हा चाळतो आणि मग.

२४ मार्च, शनिवार
आज हेडमास्तरांचं भाषण. मला आमंत्रण नव्हतं, पण मनानं मी तिथेच होतो. संध्याकाळी हेडमास्तरांच्या सुनेचा क्लिनिकमध्ये फोन आला होता म्हणे. रिसेप्शनिस्टनं निरोप सांगितला: भाषणभर सगळ्यांचं लक्ष फक्त दातांकडे होतं. फक्त दातांकडे! घरी हिला सांगितलं. पोस्ट झाली समज, म्हटलं. ही म्हणाली, लेटर हातात येऊ दे. म्हटलं, तुला विश्वासच नाही माझ्यावर. म्हणाली, विश्वास आहे, म्हणून तर भीती वाटते. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे.

२७ मार्च
दुसरा भाग आला! पहिल्याहून जाड! वास घेतला. मुलीचा फोन आला, तो उचलला नाही, हात भरलेले होते.

२९ मार्च
हेडमास्तर आले. हे थोडं सविस्तर लिहावं लागेल. समारंभात पहिल्या रांगेत लहान मुलं बसवली होती. सरांनी सुरुवातीलाच प्रेमानं हसून बघितलं. त्यातली चार मुलं रडायला लागली, एकीला बाहेर न्यावं लागलं. शिवाय वरचे सुळे खालच्या दातांत अडकतात, जबडा आडवा सरकत नाही, घास चावताच येत नाही. पाच दिवस माणूस पेजेवर आहे. तरी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं की माझं काही चुकलं होतं का. फार वाईट वाटलं. खरंच वाटलं.
डॉक्टरांनी कवळी उजेडात धरली. मग माझ्याकडे पाहिलं. सुळे कुठल्या सेटचे, विचारलं. मी म्हटलं, सौंदर्यदृष्टीचे. ते काही बोलले नाहीत. विचार करत असावेत. मोठी माणसं वेगळं काही दिसलं की आधी गप्पच होतात.

३१ मार्च, शनिवार
हेड टेक्निशियन: सिरॅमिकवाली.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच जोरात. तिचं पहिलं काम मलाच. म्हणाली, काका, दोन्ही सुळे दीड मिलिमीटर कमी करून पॉलिश करा, सर बाहेर बसलेत. मशीनवर घासले. पांढरी भुकटी पडली. सर कवळी लावून बिस्किट चावून बघत गेले, खूश होते.
सगळे गेल्यावर ती स्टूल ओढून बसली. हळूच म्हणाली, मी त्या दिवशी मेणातच ओळखले होते हे कोणाचे सुळे ते. चारही भाग वाचलेत तिनं, दोनदा! मी पोस्टबिस्ट साफ विसरलो. कोणाशी तरी बोलायला मिळालं! नाव, वल्हं, पान ४०२, सगळं. तिला तो परिच्छेद पाठ आहे. आम्ही चहा गार केला. त्या लॅबमध्ये इतकं छान मला कधी वाटलं नव्हतं. मग ती सुस्कारा टाकून म्हणाली, तरी दुसऱ्या भागात त्याला मारायला नको होतं. मी म्हटलं, कोणाला? तिनं तोंडावर हात ठेवला.
घरी येऊन डायनिंग टेबलाशी बसलो आणि रडलो. चांगला रडलो. ही घाबरली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, एवढं मनाला लावून घेऊ नका, दोन-तीन वर्षांत पुन्हा संधी येईल. मी म्हटलं, गेलेला माणूस कधी परत येतो का? तिनं दचकून विचारलं, कोण गेलं? मी उरलेलं पाणी संपवलं. शेवटी म्हटलं, कोणी नाही गं, पोस्ट गेली.