पाच ते साडेपाच आईचे

मंगळवार, रात्र

आई सकाळी संडासला नेमकी कधी जाते? एका घरात राहून मला सांगता येत नाही. आणि घरातली पहिली पदवीधर मी!

तिचं पोट साफ होत नाही म्हणून महिनाभर मागे लागलेय. उठल्यावर कोमट पाणी, रात्री दुधात तूप, भिजवलेल्या मनुका. कागदावर लिहून ओट्यावर चिकटवलं. बिचारी सगळं करते, तरी गुण नाही.

आज चिडून विचारलं, तर म्हणाली, “पाचलाच लागतंय की गं मला. पर आत तुझं बाबा, मग दादा, मग तू. त्यात डबं. माझा नंबर येईस्तोवर समदं बसून जातंय.”

आलेला वेग अडवू नये, हे आयुर्वेदात किती ठळक सांगितलंय. माझ्या कागदावर नेमकं तेवढंच नाही. का सुचलं नाही? मोबाईल घेऊन सगळ्यांत जास्त वेळ मीच आत बसते म्हणून?

जेवताना सांगून टाकलं, पाच ते साडेपाच संडास आईचा.

बाबा ओरडले, “आणि माझी शिफ्ट?”

“साडेचारला उठा की.”

“आणि डबं कोण करणार, तुझी डिग्री?” बाबांनी विचारलं.

कणीक मळून ठेवलीय. गजर पावणेपाचचा लावला.